वडिलांना चौथीही बोलेरोच का हवी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्नर तालुक्यातलं शेतकरी घर. वडिलांनी आजवर एकामागून एक तीन बोलेरो वापरल्या आणि आता चौथी गाडी घ्यायची वेळ आली तरी त्यांना बोलेरोच हवी. मुलगा पुण्यात नोकरीला. तो म्हणतो, जवळपास तेवढ्याच पैशात सहा एअरबॅगची, मऊ सस्पेन्शनची, कमी आवाजाची गाडी येते, मग ही माणसं या एकाच गाडीला का धरून बसतात? हा नुसता हट्ट आहे की त्यात काही तथ्य आहे?

मी नारायणगावच्या बाजूला १९९८ पासून गॅरेज चालवतो. त्याआधी उस्तादांच्या हाताखाली महिंद्राच्या कमांडर आणि आर्मडा या जुन्या जीपगाड्या खोलायला शिकलो. त्यामुळे बोलेरो आली तेव्हापासूनची जवळजवळ प्रत्येक पिढी माझ्या हाताखालून गेली आहे. माझं उत्तर आधीच सांगतो. वडिलांचा जीव गाडीच्या नावात अडकलेला नाही. त्या गाडीभोवती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जी सोय उभी राहिली आहे, तिच्यावर त्यांचा भरवसा आहे. त्यांचं बरंचसं बरोबर आहे. एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे आणि त्याबद्दल मी शेवटी स्पष्ट बोलणार आहे.

आधी मागचं थोडं. महिंद्रानं १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली. पुढे त्याच घराण्यातल्या जीप, मग कमांडर, १९९३ मध्ये आर्मडा आणि २००० मध्ये आर्मडाच्याच सांगाड्यावर बोलेरो. ती नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडायला लागली. आमच्यासारख्यांना या वंशावळीचा अर्थ वेगळा लागतो. बोलेरो पहिल्यांदा गॅरेजात आली तेव्हा तिच्याखाली झोपल्यावर अनोळखी असं काही फारसं दिसलंच नाही. तीच शिडीसारखी चेसी, मागे तेच कमानपाटे, तसंच हौसिंग, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा जाड दांडा. ज्या मिस्त्रीला कमांडर येत होती त्याला बोलेरो येतच होती. राज्यात अशी हजारो माणसं आधीच तयार होती. गाडी बाजारात येण्याआधी तिची दुरुस्ती गावोगाव पोहोचलेली असणं, हे फार थोड्या गाड्यांच्या वाट्याला आलं आहे.

आता एक रात्र सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचंय ते नीट कळेल.

जुलै महिना, भाताची लावणी चालू. रात्री साडेआठला फोन आला, इंगळूणच्या पुढे, आंबे-हातवीजच्या बाजूचा एक शेतकरी. गाडीत खताच्या गोण्या, आश्रमशाळेतून घरी निघालेली दोन मुलं आणि घरातली माणसं. म्हणाला, ‘‘भाऊ, गाडी तिरकी चालतेय. मागचं चाक मडगार्डला घासतंय.’’ एवढं ऐकल्यावर बघायची गरज नव्हती. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला होता. कमानपाट्याची सगळी पानं एकावर एक रचून मधोमध एका बोल्टनं बांधलेली असतात आणि त्याच बोल्टचं डोकं हौसिंगवरच्या खड्ड्यात बसतं. बोल्ट तुटला की हौसिंग एका बाजूनं मागं सरकतं आणि गाडी खेकड्यासारखी चालायला लागते.

मी पोराला मोटरसायकलवर मागे बसवलं, पिशवीत दोन जॅक, पाने, टॉमी म्हणजे लोखंडी दांडी, तीन सेंटर बोल्ट आणि उजेडाला बॅटरी घेतली आणि निघालो. पावसात दीड तास लागला. गोण्या उतरवून झाडाखाली ताडपत्रीत ठेवल्या, जॅकखाली सपाट दगड लावला आणि चेसी उचलली. पाटा हौसिंगला आवळून धरणारे यू-बोल्ट सैल केले. पानं सरकली होती, ती ठोकून ठोकून सरळ केली आणि मग टॉमीचं टोक भोकातून घालून सगळ्या पानांची भोकं एका रेषेत आणली. यात घाई चालत नाही. एक पान केसाएवढं बाजूला असलं तरी बोल्ट आत जात नाही. तो शेतकरी स्वतः बॅटरी धरून बसला होता, भोकं जुळली की ‘दिसलं, दिसलं’ म्हणायचा. साडेबाराला गाडी सरळ झाली. सकाळी सातला त्याला आईला डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचं होतं, तो वेळेत पोहोचला.

बोल्ट तुटण्याचं कारण साधं होतं. यू-बोल्ट सैल झाले होते आणि वरून वजन जास्त होतं. दर चार-सहा महिन्यांनी यू-बोल्ट आवळून घ्यावेत आणि पाट्याचं काम केल्यावर दोन-तीनशे किलोमीटरनी परत एकदा आवळावेत, एवढं केलं तर अशी वेळ सहसा येत नाही. त्या माणसानं २०२१ मध्ये जुनी विकली आणि परत बोलेरोच घेतली. मी काही सांगितलं नव्हतं. डोंगरात, रात्री, भर पावसात, दोन जॅक आणि एका बोल्टवर गाडी परत उभी राहते हे त्यानं स्वतः बॅटरी धरून पाहिलं होतं. सेन्सरवर चालणारी, खालून प्लॅस्टिकनं झाकलेली गाडी तिथं अडली असती तर दुसऱ्या दिवशी टोचन करून आणावी लागली असती, आणि त्या रस्त्यावर टोचनला गाडी मिळणं हेच मोठं काम आहे.

आता पाणंद रस्त्याकडे येऊ, कारण तुमचे वडील रोज जिथं गाडी चालवतात तो रस्ता तोच असणार. लोकांचा समज असतो की बोलेरो खूप उंच आहे म्हणून ती चालते. कागदावर तिचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची मोकळी उंची, १८० मिलिमीटर आहे आणि आजच्या कितीतरी छोट्या एसयूव्हींचा त्याहून जास्त आहे. फरक पडतो तो वजन भरल्यावर. मोनोकॉक, म्हणजे वेगळी चेसी नसलेल्या गाडीत सात माणसं किंवा गोण्या भरल्या की स्प्रिंग दबते आणि पोटच खाली येतं, त्यासोबत सायलेन्सर, टाकी, प्लॅस्टिकचं आवरण सगळं खाली. बोलेरोतही पाटा दबतो, पण मागचा सगळ्यात खालचा भाग म्हणजे हौसिंगचा गोळा आणि तो चाकांच्या मधोमध एकाच दांड्यावर असतो. टायरमध्ये हवा नीट असेल तर गाडीत कितीही वजन टाका, गोळा जमिनीपासून जवळजवळ तेवढ्याच उंचीवर राहतो. शिवाय तो जाड ओतीव लोखंडाचा. दगडावर घासला तर दगडावरच ओरखडा उठतो. टायर २१५/७५ आर १५, म्हणजे रिमपासून जमिनीपर्यंत सोळा सेंटिमीटर रबर. खड्ड्यात रिम वाकण्याआधी तेवढा रबर मार खातो.

दुसरी गोष्ट चढाची. बोलेरोत मागची चाकं ओढतात. चढावर गाडीचं वजन आपोआप मागच्या चाकांवर येतं आणि मागं माल असेल तर आणखी. म्हणजे भरलेली गाडी चढावर जास्त पकड घेते. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत नेमकं उलटं होतं. मागं माल आणि चढ एकत्र आले की पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या मातीत गरगरायला लागतात. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवलेलं नाही. तो एवढंच सांगतो की ‘ती गाडी भरली की चढत नाही, ही भरली की चढते’. रिकामी बोलेरो मात्र चिखलात मागून घसरते, हेही तितकंच खरं. पावसाळ्यात मागं दोन वाळूच्या गोण्या टाकून ठेवा, फरक पहिल्याच दिवशी कळेल. पूर्वी फोर बाय फोर बोलेरो मिळायच्या. आता प्रवासी बोलेरो फक्त मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे ज्याला खरोखर नदीपात्रातून किंवा जंगलातून जायचं आहे त्यानं फोर बाय फोर थार नाहीतर स्कॉर्पिओ बघावी. पाणंद, शिवार, घाट आणि गाव यांना मात्र ही पुरते.

इंजिनाचा जोर कमी फेऱ्यांवर, म्हणजे खालच्या आर्‌पीएमवर आहे. आत्ताचं १४९३ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन २१० न्यूटन मीटर टॉर्क १६०० ते २२०० आर्‌पीएमलाच देतं. ताकद म्हणाल तर ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे हायवेला ओव्हरटेक करताना धीर धरावा लागतो. पण दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच न जाळता, सात माणसं घेऊन ती सावकाश चढत राहते. क्लच प्लेट किती टिकते ते चालवणाऱ्याच्या पायावर असतं. तुमच्या वडिलांसारखी पहिल्यापासून डिझेल जीप चालवलेली माणसं अर्ध्या क्लचवर गाडी धरत नाहीत.

२०१६ चा बदल मला चांगला आठवतो, कारण तेव्हा माझ्याकडे येणारे जुने मालक खरंच नाराज होते. त्याआधी २५०० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं. मग पॉवर प्लस नावानं छोटं इंजिन आलं आणि बंपर आखूड करून गाडी चार मीटरच्या आत, ३९९५ मिलिमीटरवर आणली. कारण कराचं होतं. चार मीटरच्या आतली आणि डिझेल १५०० सीसीपर्यंतची गाडी कमी करात बसते. तोच नियम आजही लागू आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीला १८ टक्के जीएसटी आणि त्यापेक्षा मोठीला ४० टक्के. लोक म्हणाले, तीन सिलिंडरचं इंजिन काय ओढणार? दोन हंगाम गेले आणि बोलणं थांबलं. चेसी, पाटे, हौसिंग, बसायची उंची सगळं तसंच राहिलं होतं, आणि मालकाचा विश्वास त्या भागांवर होता. एक नवं इंजिन त्यांनी हळूहळू पदरात घेतलं.

घरात ही गाडी किती कामं करते ते तुम्ही मोजून बघा, कारण पुण्यात राहून ते दिसत नाही. पहाटे चारला टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात. एक क्रेट वीस किलोचा. टेम्पो भरण्याइतका माल नसेल आणि मोटरसायकलवर मावणार नाही, अशा दिवशी मागचे बाक उचलून दहा-बारा क्रेट बसतात. आठला त्याच गाडीत मुलं शाळेत. दुपारी पेंडीच्या गोण्या. गुरुवारी आजीला दवाखान्यात न्यायचं, तिला खाली वाकून आत शिरावं लागत नाही, पायरीवर पाय ठेवून सरळ बसते. लग्नसराईत नवरदेवाची गाडी. चैत्रात जेजुरी, आषाढात पंढरपूर. भाद्रपदात ओझर-लेण्याद्री करायला पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की सगळे एकाच गाडीत. आणि आमच्या भागात आणखी एक कारण आहे जे बाहेरच्या माणसाला सुचणार नाही, ते म्हणजे बिबट्या. उसाच्या कडेनं, रात्रीच्या लाइटला पाणी धरायला मोटरसायकलवर जाणं आता कुणालाच नको वाटतं. मालक, कामगार, घरातला मुलगा, सगळे बंद गाडीतून मळ्यात जातात आणि दिवे लावून ठेवतात. मी स्वतः असे तीन-चार मालक ओळखतो ज्यांनी चारचाकी याच कारणासाठी आणखी दहा वर्षं ठेवायचं ठरवलं.

विकण्याचंही तसंच. जुनी बोलेरो विकायची म्हटली की जाहिरात द्यावी लागत नाही, चावडीवर बोललं तरी संध्याकाळपर्यंत माणूस येतो. त्याला गाडी माहीत असते, तिचा मालक माहीत असतो, ती कोणत्या मिस्त्रीकडे जाते तेही माहीत असतं. शेतकऱ्यासाठी ही गाडी अडीअडचणीला पटकन पैसा होणारी वस्तू आहे. मुलीच्या लग्नात किंवा विहिरीच्या कामाला ती दोन दिवसांत विकता येते, हे तो घेतानाच मनात धरतो.

आता तुमचं बरोबर काय आहे ते.

सुरक्षेच्या बाबतीत ही गाडी जुन्या आराखड्याची आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे. आता एबीएस आणि पुढे दोन एअरबॅग आहेत, पण तेवढंच. २०२४ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेनं बोलेरो निओ या नव्या आराखड्याच्या वेगळ्या मॉडेलची धडक चाचणी घेतली, तिला पाचपैकी एकच तारा मिळाला. साध्या बोलेरोचा आराखडा निओहून जुना, त्यामुळे तिच्याकडून जास्त धरून चालणं मला पटत नाही. ‘लोखंड जाड आहे, समोरचाच चेपेल’ हे मी रोज ऐकतो आणि रोज खोडतो. जाड चेसी धडकेत वाकली नाही तर तो धक्का आतल्या माणसाला बसतो. चांगल्या नव्या गाडीचं पुढचं तोंड चेपण्यासाठीच बनवलेलं असतं, धक्का तिथंच जिरावा म्हणून. अपघात झालेल्या गाड्या माझ्या दारात येतात, त्यांच्याकडे बघून मी हे बोलतोय.

मागच्या आडव्या बाकांवर लहान मुलांना बसवून लांबचा प्रवास करू नका. गावातल्या गावात, वीसच्या वेगानं ठीक. पुणे-नाशिक रस्त्यावर नाही. आणि ही उंच गाडी आहे, पाट्यावरची आहे. रिकामी असताना ऐंशीच्या पुढे वळणावर तिला अचानक वळवू नये. तुमच्या आईला कंबरेचा त्रास असेल तर मागच्या सीटवर पाट्याची उसळी त्यांना रोज जाणवणार, हेही लक्षात घ्या. हे दुखणं सीट कव्हरनं जात नाही.

म्हणून ठरवताना गाडीचं नाव बाजूला ठेवा आणि वर्षभराचे किलोमीटर मोजा. वडिलांच्या गाडीचं रनिंग बहुतेक वेळ चाळीस-पन्नासच्या वेगानं, गाव-मळा-बाजार-दवाखाना असं असेल तर त्यांची निवड बरोबर आहे. तिथं मऊ सस्पेन्शनच्या गाडीचे बुश आणि लिंक, म्हणजे सस्पेन्शनचे रबर आणि जोडदांडे, लवकर जातील, खालचं आवरण फाटेल आणि पहिल्याच वर्षी गाडी दारात उभी राहील. पण दर आठवड्याला ते पुण्याला तुमच्याकडे येत असतील, सोबत नातवंडं असतील, रात्री हायवेनं परत जात असतील, तर तुमचं म्हणणं मानायला हवं. मला विचाराल तर ऐपत असेल तर दोन्ही ठेवा. जुनी तिसरी बोलेरो विकू नका, तिची चेसी सडलेली नसेल तर पाटे, बुश, क्लच आणि ब्रेक करून तिला मळ्यात ठेवा आणि हायवेसाठी चांगल्या ताऱ्यांची छोटी गाडी घ्या. मी हा सल्ला दिलेली घरं आज समाधानी आहेत.

निओबद्दलही लोक विचारतात. तिच्या मागे पाट्याऐवजी कॉइल स्प्रिंग आहे, इंजिन तेवढ्याच सीसीचं पण १०० हॉर्सपॉवरचं, आणि वरच्या मॉडेलला मागच्या चाकांसाठी लॉकिंग डिफरन्शियल मिळतं. एक चाक चिखलात हवेत गेलं तरी दुसरं ओढतं. ज्यांची वाट खरंच खराब आहे पण माल कमी आहे, त्यांना ती बरी. क्रेट वाहणाऱ्यांना पाटाच हवा.

चौथीही बोलेरोच घ्यायचं ठरलं तर दोन गोष्टी वडिलांना माझ्या वतीनं सांगा. पहिली, एप्रिल २०२० नंतरची गाडी बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या कडक नियमांची आहे, तिच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारं फिल्टर असतं आणि ते साफ व्हायला इंजिन अधूनमधून गरम होऊन सलग चालावं लागतं. रोज मळ्यात तीन किलोमीटर जाऊन बंद करायची सवय असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास ओतूर किंवा आळेफाट्यापर्यंत एका दमात चालवा. डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागला तर गाडी बंद करून घरी जाऊ नका, चालवत राहा. आणि डिझेल चांगल्या पंपावरचंच, कॅनमधलं नाही. जुन्या इंजिनानं कॅनमधलं डिझेल पचवलं, हे पचवणार नाही. इंजिनात डिझेल फवारणारे नोझल गेले तर त्या दुरुस्तीला माझ्या पिशवीतल्या पान्यांचा उपयोग नाही.

दुसरी, नव्या गाडीची पहिली हजार किलोमीटर झाली की यू-बोल्ट, चाकांचे नट आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट तपासून घ्या. जुनी विकणार असाल तर विकण्याआधी ती एकदा माझ्याकडे किंवा तुमच्या विश्वासातल्या मिस्त्रीकडे आणा. मागच्या शॅकलजवळ, म्हणजे पाट्याचं टोक चेसीला जोडलेलं असतं तिथं, चेसीला हातोडीनं हलकं ठोकून बघू. आवाज खणखणीत आला तर गाडीत अजून दहा वर्षं आहेत आणि मग ती विकायची की मळ्यात ठेवायची ते वडिलांनाच ठरवू द्या. तिथं पत्रा बद्द वाजला, गंज खाली उतरला असेल, तर मात्र भावनेत अडकू नका, ती देऊन टाका.